खेळ सहा वर्षांचा, हिशोब तीन महिन्यांचा

जानेवारी २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' हा गेम आला. आला कसला, टपकला. वर्षभर आधीपासून ट्रेलरचा मारा नाही, जाहिराती नाहीत. ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीला. गाण्याच्या ठेक्यावर मारामारी करायची, शत्रू ठेक्यावर चालून येणार, आजूबाजूची झाडंझुडपंसुद्धा ठेक्यावर डोलणार. लोक वेडे झाले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागातल्या एका बड्या अधिकाऱ्याने जाहीर सांगितलं की आमच्या सगळ्या महत्त्वाच्या मोजमापांत हा गेम यशस्वी ठरलाय. मे २०२४ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा टँगो गेमवर्क्स हा टोकियोतला स्टुडिओ बंद केल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी विभागाच्या अंतर्गत बैठकीत वरिष्ठ काय म्हणाले? आपल्याला मान आणि पुरस्कार मिळवून देतील असे छोटे गेम हवेत. ही बातमी बाहेर आली तेव्हा गेमरांनी कपाळावर हात मारला. कालपर्यंत होता की तुमच्याकडे!

मोठ्या गेम कंपन्यांवर चिडलेल्या माणसाशी बोलायला बसलात तर यादी संपत नाही. अर्धवट गेम विकतात. पूर्ण पैसे मोजून आत शिरावं तर आत पुन्हा दुकान थाटलेलं. नावाजलेले स्टुडिओ विकत घेतात आणि कुलूप लावतात. विकत घेतलेला गेम एका सकाळी चालेनासाच होतो. बाहेरच्याला ही खेळण्यावरून चाललेली कुरकुर वाटते, आणि 'मग खेळू नका' हा सल्ला तर ठरलेलाच. गेमर स्वतः एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात: हावरटपणा. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. हावरट तर सगळेच धंदे असतात. चपला विकणाराही हावरट असू शकतो, पण तो विकलेली चप्पल दहा वर्षांनी पायातून काढून नेत नाही. इथे नेमकं काय वेगळं आहे ते पाहायला हवं.

आधी माणसं ओळखून घेऊ. गेम बनवतो तो डेव्हलपर, म्हणजे स्टुडिओ. पैसा लावतो, जाहिरात करतो, बाजारात नेतो तो पब्लिशर. पुस्तकाच्या प्रकाशकासारखंच, फक्त इथे लेखक दोनशे-तीनशे जण असतात आणि पुस्तक लिहायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढी वर्षं पगार कोण देणार? पब्लिशर. तो पैसे हप्त्याहप्त्याने सोडतो: ठरलेला टप्पा दाखवा, पुढचा हप्ता घ्या. गेम विकला गेला की पब्लिशर आधी आपली गुंतवणूक वसूल करतो आणि त्यानंतर काही उरलं तर स्टुडिओच्या वाट्याला येतं. पुष्कळदा पब्लिशर स्टुडिओच विकत घेऊन टाकतो. मग तर बोलायलाच नको.

ही वाटणी किती पातळ धाग्यावर लटकलेली असते याचा एक नमुना पाहा. २०१० साली ऑब्सिडियन या स्टुडिओने बेथेस्डा या पब्लिशरसाठी 'फॉलआउट: न्यू व्हेगस' बनवला. करार असा की समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडले तर बोनस. गेमला पडले ८४. बोनस गेला. आजही लोक त्या गेमची पारायणं करतात, आणि तो बनवणाऱ्यांचा बोनस एका गुणाने हुकला.

गंमत म्हणजे, स्वतंत्र गेम कंपनी ही कल्पनाच व्यवस्थापनावरच्या रागातून जन्मली. १९७० च्या दशकाअखेरीस अटारी या गेम कंपनीत एकेक प्रोग्रामर एकटा बसून अख्खा गेम लिहायचा. खोक्यावर त्याचं नाव नसायचं, विक्रीत वाटा नसायचा. कोणता गेम किती खपला याचा तक्ता कंपनीने आतल्या लोकांत वाटला तेव्हा चौघांच्या लक्षात आलं की कमाईचा मोठा हिस्सा आपल्याच गेमांतून येतोय. ते वरच्या साहेबांकडे गेले. साहेब कापडधंद्यातून आलेले होते. कारखान्यात कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुमचं मोल जास्त नाही, असं उत्तर घेऊन चौघं बाहेर पडले. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि गेमवर बनवणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात केली. त्या कंपनीचं नाव अ‍ॅक्टिव्हिजन.

हेच अ‍ॅक्टिव्हिजन पुढे ब्लिझर्ड या दुसऱ्या गेम कंपनीसोबत एक झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी आदल्या वर्षाच्या विक्रमी कमाईचे आकडे जाहीर केले, साडेसातशे कोटी डॉलर, आणि त्याच दिवशी सुमारे आठ टक्के कर्मचाऱ्यांना घरी पाठवणार असल्याचंही सांगितलं. विक्रम आणि नारळ एकाच पत्रकात. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, मुख्याधिकाऱ्याचा मोबदला १५ कोटी डॉलरच्या वर होता.

विक्रमी वर्षात माणसं का काढायची? यासाठी घड्याळाकडे पाहावं लागतं. या धंद्यात दोन घड्याळं चालतात. स्टुडिओचं घड्याळ पाच-सहा वर्षांत एक फेरी मारतं. शेअर बाजारात नोंदलेल्या पब्लिशरचं घड्याळ दर तीन महिन्यांनी टोल देतं. प्रत्येक तिमाहीआधी कंपनी सांगते की एवढी कमाई होईल. तेवढी झाली नाही तर शेअर पडतो. वरच्या मंडळींच्या मोबदल्याचा मोठा भाग शेअरमध्येच असतो, त्यामुळे शेअर पडला की त्यांचा खिसा पडतो. त्यात बाजाराला नफा पुरत नाही, वाढ लागते. गेल्या वर्षी शंभर कमावले आणि यंदाही शंभरच कमावले तर चपलांच्या दुकानदाराचं बरं चाललंय म्हणतात. शेअर बाजारात त्याला अडखळणं म्हणतात. उत्पन्न हवं तेव्हा हवं तेवढं वाढवता येत नाही. खर्च मात्र एका सहीनिशी कमी होतो, आणि गेम कंपनीचा खर्च म्हणजे माणसं.

पब्लिशरची बाजूही ऐकायला हवी, कारण त्यांचं सगळंच रडगाणं खोटं नाही. गेम बनवणं भयंकर महाग झालंय. किती, ते कंपन्या सहसा सांगत नाहीत, पण २०२३ मध्ये एक मजा झाली. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन विकत घेण्यावरून अमेरिकेत खटला चालू होता. त्यात सोनीने दिलेल्या कागदांवरचे गुप्त आकडे कुणीतरी काळ्या मार्करने खोडले होते. हाताने. कागद स्कॅन झाले आणि काळ्या शाईखालून आकडे स्वच्छ दिसू लागले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटींच्या वर.

आता साधा हिशोब मांडू. गेमची किंमत ७० डॉलर. ऑनलाइन दुकान त्यातले साधारण ३० टक्के ठेवून घेतं, उरले ४९. वीस कोटी डॉलर नुसते परत यायला चाळीस लाखांवर प्रती पूर्ण किमतीत खपायला हव्यात. यात जाहिरातीचा खर्च धरलेला नाही, आणि काही महिन्यांत सेल लागतो तो वेगळाच. शिवाय मोठ्या गेमची किंमत २००५-०६ पासून २०२० पर्यंत ६० डॉलरवरच अडकलेली होती. महागाई वाढली, किंमत नाही. ७० डॉलर झाली तेव्हाही बोंब झाली, आणि २०२५ मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ८० लावले तेव्हा तर विचारू नका.

म्हणून पब्लिशरनी किमतीला हात न लावता दुसरा दरवाजा उघडला. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन'मधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. घोडा आधीपासून होता, चिलखताने फारसा फरक पडत नव्हता. लोक हसले, चिडले, आणि बऱ्याच जणांनी घेतलंही. पुढची सगळी कहाणी त्या घोड्यावर बसूनच आली आहे.

चिलखतानंतर आले लूट बॉक्स. आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी पैसे देऊन उघडायची. हवं ते निघालं नाही तर आणखी एक. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, हिच्या फुटबॉल गेममध्ये खेळाडूंची पाकिटं अशीच निघतात. २०२१ च्या आर्थिक वर्षात क्रीडा-गेममधल्या या एका पद्धतीने ईएला १६२ कोटी डॉलर मिळवून दिले. नवा गेम बनवायला सहा वर्षं आणि वीस कोटी लागतात. पाकिटाला काय लागतं? दर आठवड्याला नवी चित्रं. आता तिमाहीचं घड्याळ हातात घेऊन तुम्हीच सांगा, कुठे पैसा लावाल?

राग कुठे फुटला तेही याच कंपनीच्या नावावर नोंदलंय. नोव्हेंबर २०१७, 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू'. पूर्ण किमतीचा गेम, पण डार्थ व्हेडर हे त्यातलं गाजलेलं पात्र कुलूपबंद. कुलूप उघडायला आतलं चलन ६०,००० हवं. एका खेळाडूने गणित केलं: एका नायकासाठी सुमारे चाळीस तास. नाहीतर पैसे टाका. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर कंपनीकडून उत्तर आलं की नायक मिळवल्यावर खेळाडूला अभिमान आणि कर्तृत्व वाटावं, हा हेतू आहे. या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली आणि गिनीजने त्याची विक्रम म्हणून नोंद घेतली. गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी ईएने पैशांची खरेदी तात्पुरती बंद केली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या नियामकांनी लूट बॉक्स हा जुगारच ठरवला आणि २०१९ मध्ये ईएला तिथे फुटबॉल गेमच्या पाकिटांसाठीची विक्री थांबवावी लागली.

लूट बॉक्स बदनाम झाल्यावर 'लाइव्ह सर्व्हिस'चा जोर वाढला. म्हणजे न संपणारा गेम: दर काही महिन्यांनी नवा सीझन, नवा बॅटल पास (पैसे भरून, खेळत राहून मिळवायच्या बक्षिसांची मालिका), नव्या स्किन (पात्रांचे पोशाख). 'फोर्टनाइट'ने यात अफाट पैसा मिळवला आणि प्रत्येक पब्लिशरला आपल्या घरी एक फोर्टनाइट हवासा झाला. इथे मात्र घड्याळाने पब्लिशरांनाच फसवलं. आज चालतंय ते पाहून बनवायला घ्यायचं, आणि बनून होईपर्यंत पाच-सहा वर्षं उलटलेली. शिवाय असे गेम माणसाचे पैसे कमी आणि वेळ जास्त मागतात. एकच संध्याकाळ सहा गेमना कशी देणार? सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. दोन आठवडे. सगळ्यांना पैसे परत दिले आणि पुढच्या महिन्यात स्टुडिओही बंद. तेलही गेलं, तूपही गेलं. असा गेम बनवायचं ठरवणारा कुठल्या मजल्यावर बसतो ते मला माहीत नाही, पण नोकऱ्या खालच्या मजल्यावरच्या गेल्या.

अर्धवट गेमचंही तसंच. बऱ्याच पब्लिशरांचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि वर्षाची सर्वांत मोठी विक्री नाताळाच्या आसपास होते. तारीख आधी ठरते, गेम नंतर शिजतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उबिसॉफ्ट या पब्लिशरचा 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आला तेव्हा काही जणांच्या पडद्यावर पात्रांच्या चेहऱ्याची कातडीच उमटत नव्हती. अठराव्या शतकातलं पॅरिस, भरजरी कपडे, आणि कॉलरच्या वर नुसते दोन डोळे व बत्तीस दात. समीक्षकांना परीक्षण छापायची परवानगी विक्री सुरू झाल्यावर काही तासांनी होती, म्हणजे ज्यांनी प्री-ऑर्डर केली होती त्यांनी हे दात आपल्याच पैशांनी पाहिले. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' तीनदा लांबूनही जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांवर) इतका मोडका निघाला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून टाकला. प्री-ऑर्डर आपणच करतो, ही आपली बाजू. न शिजलेल्या भाताचे पैसे आधीच मिळत असतील तर चुलीपाशी कोण थांबेल?

माझ्या मते सगळ्यांत खोल जखम वेगळीच आहे. २०१४ चा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी उबिसॉफ्टच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि गेम मेला, डिस्क कपाटात असली तरी. पाठोपाठ लोकांच्या खात्यातून तो काढूनही घेतला गेला. कंपनीच्या मते यात फसवणूक कुठेही नाही, कारण 'खरेदी करा' हे बटण दाबून आपण गेम विकत घेतच नव्हतो. मिळत होता तो वापरायचा परवाना, देणाऱ्याच्या मर्जीपुरता. रॉस स्कॉट या यूट्यूबरने यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उघडली. मागणी साधी: सर्व्हर कायम चालवा असं नाही, पण बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. जुलै २०२५ पर्यंत युरोपीय संघातल्या नागरिक-याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर दुकानांना परवाना विकताय हे स्पष्ट लिहायला लावणारा कायदाच केला, आणि स्टीम या पीसी-गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ दिसू लागली.

आता कंपन्यांनी कंपन्या गिळण्याचा प्रकार. स्वतःहून वाढ होत नसेल तर दुसऱ्याची विकत घेता येते. स्वीडनच्या एम्ब्रेसर या गेम कंपनीने स्वस्त कर्जाच्या काळात स्टुडिओंची अशी रास लावली की नावं लक्षात ठेवणं कठीण. मग मे २०२३ मध्ये २०० कोटी डॉलरचा एक करार मोडला, शेअर एका दिवसात कोसळला आणि काटछाट सुरू झाली. तीस वर्षांचा व्होलिशन हा स्टुडिओ तीन महिन्यांत बंद. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६,८७० कोटी डॉलरना घेतली, सौदा ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला, आणि जानेवारीत गेमिंग विभागातल्या १,९०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. टँगोवरची कुऱ्हाड त्यानंतर चार महिन्यांनी.

कुणी म्हणेल, मग शेअर बाजारातूनच बाहेर पडावं. सप्टेंबर २०२५ मध्ये ईएने तेच जाहीर केलं: ५,५०० कोटी डॉलरचा सौदा, घेणारे सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आणि दोन गुंतवणूक कंपन्या. पण त्यातले २,००० कोटी कर्जाचे आहेत. अशा सौद्यात घेणारा कर्ज काढतो आणि ते फेडायचं विकल्या गेलेल्या कंपनीच्याच कमाईतून. घराने स्वतःचा हप्ता स्वतःच्या भाड्यातून भरावा तसं. तिमाहीचा टोल थांबेल, व्याजाचा सुरू होईल. फुटबॉलची पाकिटं कमी होतील असं मला तरी यात दिसत नाही.

सगळीकडे असंच चालतं असंही नाही. निन्टेन्डो शेअर बाजारातच आहे. वी यू हा कन्सोल आपटला तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. माणसं काढली तर उरलेल्यांचं काम बिघडतं, असं ते आधीच बोलून बसले होते. 'बाल्डर्स गेट ३' बनवणारा लॅरियन स्टुडिओ संस्थापकाच्याच ताब्यात आहे; गेम तीन वर्षं अपुऱ्या अवस्थेत, तसं सांगून विकला आणि २०२३ मध्ये पूर्ण करून दिला, आत दुकान न थाटता. २०२५ चा 'क्लेअर ऑब्स्क्युअर' तीसेक माणसांच्या गाभ्याने बनवला, ५० डॉलरला विकला आणि वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला.

एक गोष्ट मात्र गेमरांनाही सुनवायला हवी. आपला राग फार वेळा चुकीच्या दारात जाऊन ओरडतो. स्किनची किंमत ठरवणारा माणूस समाजमाध्यमांवर नसतोच. तिथे सापडतो तो अ‍ॅनिमेटर, किंवा कंपनीच्या वतीने उत्तरं देणारी एखादी मुलगी, आणि शिव्या, धमक्या त्यांच्या वाट्याला येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. नोकरकपातीच्या यादीतही पहिली नावं याच लोकांची असतात.

राग नेमका लागू पडला असं एक उदाहरण माझ्या डोळ्यासमोर येतं. मे २०२४ मध्ये सोनीने 'हेलडायव्हर्स टू'च्या पीसीवरच्या खेळाडूंना सोनीचंच प्लेस्टेशन खातं जोडणं सक्तीचं करायचं ठरवलं. ते खातं कितीतरी देशांत काढताच येत नव्हतं. म्हणजे पैसे घेतलेल्या माणसाला दाराबाहेर काढल्यासारखंच. स्टीमवर तीन-चार दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि लोकांनी परताव्याचे अर्ज भरले. या आकड्यांना तिमाही संपायची वाट पाहावी लागत नाही, ते त्याच रात्री दिसतात. सोमवारी सोनीने निर्णय मागे घेतला. अ‍ॅरोहेड या स्टुडिओने मग गेममधल्या सैनिकांसाठी एक झगा तयार केला. त्याच्या पाठीवरची नक्षी म्हणजे त्या तीन-चार दिवसांतल्या नकारात्मक रिव्ह्यूंचा आलेख.